फरशीवरचा माग

मुलाने हट्टाने मला क्रूझवर नेलं. दिवसभर खायचं, आणि बंदर आलं की बसमध्ये कोंबून जुन्या इमारती पाहायच्या. एका बंदरातल्या संग्रहालयात आमचा गाईड हातमागापुढे थांबला. "विणकर इथे उकिडवा बसायचा," तो म्हणाला. माग आमच्या घरच्या मागासारखाच खड्ड्याचा होता, पण या शहाण्यांनी तो गुळगुळीत फरशीवर मांडलेला.

मी विचारलं, "मंग पाय कुठी सोडाचे गा? खालच्या पट्ट्या दाबाले खड्डा लागते."

"काका, बोर्डावर असंच लिहिलंय."

"बोर्ड लिहिणाऱ्याले बसवून पाहा."

मुलगा कानाशी आला. "बाबा, चूप राहा ना. मी सगळ्यायले तुमचा कापडाचा बिझनेस होता म्हणून सांगितलं."

तेव्हा मात्र मी आवाज चढवला. "मी विणकर आहो. नागपुरात चाळीस वर्षं लुगडी विणली, त्याच्यावरच हा इंजिनिअर झाला."

लगेच सगळ्यांचे मोबाईल निघाले. गाईड मागाभोवतीची अडवायची दोरी सोडून म्हणाला, बसा काका. घडीभरापूर्वी मला लपवणारा मुलगाही फोन धरून उभा. "बसा ना बाबा, एक फोटो."

चुकीच्या मागावर मी बसत नसतो, एवढं सांगून मी बसकडे चालू लागलो.