सायबर ठाण्याची मॅडम

नवऱ्याला नाही, ऑफिसात नाही, माहेरी तर नाहीच – ही गोष्ट अजून माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही माझ्या वहिनीला ओळखत नाही. दुसरं काही कारण नाही.

पण आधी त्या फोनांबद्दल बोलू द्या. तुम्हालाही येतच असतील. भाकरी तव्यावर टाकली की वाजतो. उचलला की तिकडून गोड आवाज – मॅडम, आपका केवायसी अधूरा है. मॅडम, आपका खाता आज शाम को बंद हो जाएगा. मॅडम, आपके नाम का पार्सल पकड़ा गया है. आज वीज कापणार, उद्या सिम बंद करणार. एकदा तर माझ्या मुलाला पोलिसांनी धरलंय म्हणून सांगितलं – मला मुलगाच नाही, एक मुलगी आहे, ती समोर बसून पोहे खात होती! एक नंबर ब्लॉक करावा तर दुसऱ्यावरून हजर. कधी नंबरच दिसत नाही, नुसतं 'प्रायव्हेट नंबर'. अरे, एवढं तोंड लपवायचं तर फोन कशाला करता?

मी वरोऱ्याला एका जिनिंगच्या ऑफिसात काम करते. कापसाच्या हंगामात बाहेर गाड्यांची रांग, खिडकीशी माणसं खोळंबलेली, आणि माझा मेला फोन थांबायचं नाव घेत नाही. डोकं नुसतं तापायचं. तक्रार केली, ॲप टाकून पाहिलं, शिव्याही दिल्या. शिव्यांना ते हसतात, माहीत आहे ना?

मग मी एक युक्ती काढली. फोन उचलला की आवाज जाड करायचा आणि समोरच्याला तोंड उघडू न देता आपणच सुरू व्हायचं – सायबर थाने से मॅडम बोल रही हूँ, नाम बताओ, पता बताओ. पलीकडचा गडबडायचा, फोन ठेवायचा. स्पीकर लावला की अख्खं ऑफिस हसायचं. चहा थंड व्हायचा पण कुणी जागचं हलायचं नाही. हळूहळू माझं नावच 'मॅडम' पडलं. खोटं कशाला बोलू – मला ते फार आवडायचं. इतकी वर्षं मुकाट्यानं पावत्या फाडणाऱ्या बाईला कुणीतरी घाबरत होतं.

आता दादाबद्दल सांगायला हवं. टाळत होते मी, तुमच्या लक्षात आलं असेल.

दादा अहेरीच्या पलीकडे, जंगलातल्या गावात राहायचा. थोडी धानाची शेती, वहिनी, दोन बैल. गावात रेंज येत नाही. बोलायचं तर तलावाच्या पाळीवर, उंच बांधावर जावं लागतं, आणि तिथं ज्याच्या फोनमध्ये बॅलन्स असेल त्याचा फोन मागावा लागतो. म्हणजे वहिनीचा फोन दर वेळी नव्या नंबरवरून यायचा. हे मला माहीत नव्हतं असं नाही. चांगलं माहीत होतं. माझा नंबर तिला तोंडपाठ होता, बोटांच्या पेरांवर मोजत लावायची. आणि सुरुवात ठरलेली – "जय भीम बाई, मी होय." नाव कधीच नाही. मी म्हणायचे, वहिनी, नाव सांगत जा ना. तर म्हणायची, "काऊन? तुले माहा आवाज नाई समजत का?"

त्या दिवशी अनोळखी नंबर आला. ऑफिस भरलेलं होतं. मी स्पीकर लावला, आवाज जाड केला आणि सुरू झाले. पलीकडून रेंज तुटत होती. माझ्या बोलण्याच्या फटीतून एका बाईचा आवाज आला – "...खातं बंद झालं हाये... लवकर..." घ्या! म्हटलं, आता हे चोर मराठीतही बोलायला शिकले, आणि तेही आमच्या बोलीत! ऑफिस खो खो हसत होतं. मला अजूनच चेव आला. मी म्हटलं, बंद हो गया? बहुत अच्छा हुआ. अब हमेशा के लिए बंद कर दो. और दुबारा फोन किया तो जीप भेजके उठवा लूँगी.

तिनं 'खातं' म्हटलंच नव्हतं. 'खानं' म्हटलं होतं. त्यायचं खानं बंद झालं हाये – माझ्या दादाचं. कावीळ अंगात मुरली होती आणि पेजेचा घोटही आत ठरत नव्हता. आमच्याकडे माणसाचं खाणं बंद झालं एवढं ऐकलं की पुढचं कुणी विचारत नाही, हातातलं टाकून निघतात. मी काय केलं? मी टाळी घेतली.

आणि जीप. वरोऱ्यात हसण्यावारी जाईल ते. तिकडच्या जंगलात गावात पोलिसांची जीप आली की कुणाला उचलतील आणि तो कधी परत येईल, सांगता येत नाही. मी तिथंच लहानाची मोठी झालेली बाई – मला हे कळत नव्हतं का?

वहिनीनं पुन्हा फोन लावला नाही. मासे धरायला आलेल्या ज्या माणसाचा फोन मागितला होता, त्याला उगाच त्रास होईल म्हणून त्याचा फोन परत देऊन ती घरी गेली. तिला माझ्याकडून गाडी हवी होती, दादाला चंद्रपूरला आणायला. गाडी आली नाही. दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी मालवाहू पिकअपमध्ये चादर अंथरून त्याला अहेरीकडे न्यायला काढलं. तो वाटेतच गेला.

निरोप चुलतभावाच्या नंबरवरून आला. तो ओळखीचा होता. पहिल्याच रिंगला उचलला.

दादाच्या घरी पोचले तेव्हा वहिनी बायकांमध्ये बसून तेच तेच सांगत होती. "मी त बाईले फोन लावला होता. कोनी पोलीसवालीच बोलली. बंद करून टाका म्हने." माझंच वाक्य, माझ्याच वहिनीच्या तोंडून, दादा समोर आडवा. काका म्हणाले, नंबर चुकवला तिनं. मग माझ्याकडे वळले – "बाई, तुले आलता का फोन?"

मी म्हणाले, "नाई."

एवढंच. विचारही केला नाही, शब्द आधी निघाला. मग न्हाणीत जाऊन मोबाइलमधला तो कॉल पुसून टाकला. तेव्हा मात्र पुरता विचार केला होता.

दादा वाचला असता का? नाही सांगता येत. डॉक्टरलाही नसतं सांगता आलं. पण मी पोचले असते. त्यानं मला पाहिलं असतं. दादाच्या पुण्यानुमोदनाला सगळे जमले, त्या दिवशी एकानं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला – बिचारीनं नंबर चुकवला, नाहीतर बहिणीनं गाडी पाठवली असती. आता आमच्या सगळ्या गोतात हेच खरं आहे. आई दर लग्नात, दर बारशात म्हणते, एक आकडा नीट लावता आला नाही हिला. मी शेजारी बसलेली असते. वरण-भात कालवते, जेवते. वहिनी आता स्वतः नंबर लावत नाही. पाठ आहे अजून, पण दुसऱ्याला एकेक आकडा सांगते आणि वर म्हणते, बरोबर हाये ना गा, पाहून घे.

खूपदा ठरवलं, सांगून टाकू. एकदा त्यासाठीच तिच्या घरीही गेले. चहा प्यायला आणि परत आले.

गेल्या उन्हाळ्यात ती माझ्याकडे राहायला आली. मी आग्रहानं बोलावलं होतं, कशासाठी ते नका विचारू. आम्ही दोघी खाली बसून मेथी निवडत होतो. माझा फोन वाजला. अनोळखी नंबर. मी न बोलता कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. वहिनी पाहत होती.

"लई तरास देतेत ना तुले?" म्हणाली. पानं खुडता खुडता आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "त्या पोलीसवाल्या बाईलेही असेच येत असन. म्हनून तशी बोलली बिचारी. मीनंच चुकीचा नंबर लावून तिले तरास देला. नाई का?"

"असन," मी म्हणाले.