मानेवरचा हात

आफरीनच्या निकाहच्या दिवशी फजरची नमाज पढून मी दुआसाठी हात उचलले आणि तोंडातून काहीच निघेना. लेकीच्या लग्नाचा दिवस, आईने किती मागायला हवं. पण मला राग आला होता. माणसांचा होताच, आणि लिहायला भीती वाटते, पण अल्लाहचाही आला होता. जन्मभर मला एकच सांगण्यात आलं, सब्र कर, धीर धर. शाळा सुटली तेव्हा सब्र, सासरी पहिलं मूल गेलं तेव्हा सब्र, आणि आता लेकीचं शिक्षण सुटायची वेळ आली तरी सब्रच. हा सब्र आमच्या मोहल्ल्यात फक्त बायकांसाठीच उतरला आहे का, असं त्या सकाळी विचारावंसं वाटलं. मी विचारलं नाही. मी कुणालाच काही विचारत नाही. भाजीवाल्याने सडका टमाटा टाकला तरी मुकाट्याने घरी आणणारी मी बाई.

आफरीन माझी एकुलती एक मुलगी. नर्सिंगचा तीन वर्षांचा कोर्स, त्यातला निम्मा झाला होता. लोधीपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत दिवसभर लूम खडखडत असतात, ही कानात कापूस घालून पाठांतर करायची. हाडांची नावं, औषधांची नावं. मला त्यातलं काही कळत नसे, पण तिचं पाठ झालं की मलाच शिकल्यासारखं वाटायचं. स्थळ बुधवारा मोहल्ल्यातलं आलं. मुलगा मोबाइल दुरुस्तीचं काम करतो, सालस वाटला, आफरीनलाही पसंत होता. बघायला आले तेव्हा त्याच्या आईने आफरीनची हनुवटी धरून म्हटलं होतं, "पढ़ाएँगे जी, हमारी भी तो बेटी है." मी त्या वाक्यावर विसंबले.

हळदीच्या दिवशी दुपारी तीच बाई माझ्या मोठ्या जावेला सांगत होती, "अब काहे की पढ़ाई? मेरे घुटने तो गए काम से. मरीज़ ही देखना है तो घर का मरीज़ देख ले." सगळ्या बायका हसल्या. माझी जाऊ सगळ्यात जोरात हसली. आफरीन पाटावर बसली होती, दोन्ही हात हळदीने भरलेले. तिने ऐकलं. डोळे पुसायला हातही मोकळा नव्हता.

मी आधी आफरीनच्या अब्बांकडे गेले. ते मांडववाल्याशी बोलत होते. म्हणाले, "आज? अब? बारात वापस करवाएगी क्या? सब्र कर, बाद में समझा लेंगे." मग माझ्या भावाकडे गेले. तो गावाहून आला होता आणि निकाहमध्ये मुलीच्या बाजूचा वकील तोच होणार होता. हा वकील म्हणजे कोर्टातला नव्हे. मुलीची परवानगी घेऊन काझीपर्यंत पोचवणारा घरातला माणूस. भाऊ म्हणाला, "आपा, मी इजाजत घ्यायला आलोय, भांडण लावायला नाही." परत आले तर आफरीनने मला ओढून कोठीच्या खोलीत नेलं. "अम्मी, मैं बोलूँगी तो बेशरम कहेंगे. तुम बोलोगी तो माँ कहेंगे." मी म्हटलं, बरं. म्हटलं खरं, पण विहिणीकडे गेले नाही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्यात निकाहआधी वकील आणि दोन गवाह, म्हणजे साक्षीदार, बायकांच्या खोलीशी येतात आणि नवरीला विचारतात, अमक्याच्या मुलाशी, इतक्या महरवर, तुझा निकाह लावायची इजाजत आहे का? महर म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम. मुलीला विचारल्याशिवाय निकाह होत नाही. हे किती मोठं आहे! चौदाशे वर्षांपूर्वी मुलीला विचारा असं सांगितलं गेलं. आणि लाजऱ्या मुलीला तोंडाने 'हो' म्हणणं जड जातं, म्हणून तिचं गप्प राहणंही चालेल अशी सवलत दिली गेली. ती सवलत लाजरीच्या सोयीसाठी होती. आम्ही तिचं काय केलं? गप्प राहायचंच, असा नियम करून टाकला. जी बोलेल ती बेशरम. मग विचारायला येता कशाला? रिकाम्या भांड्यात डाव फिरवल्यासारखं विचारायचं, आणि निघून जायचं.

माझ्या निकाहला मीही गप्प होते. वय लिहीत नाही, लाज वाटते, माझी नाही, ज्यांनी ठरवलं त्यांची. चौथी पास होऊन काही वर्षं झाली होती. अब्बा म्हणाले होते, पुढच्या साली पाचवीला घालू. ते पुढचं साल आलंच नाही, कारण ते कुठे लिहिलेलं नव्हतं. निकाहच्या वेळी गवाहांनी विचारलं आणि मला खरोखर कळलं नाही काय विचारताहेत. मी वर पाहणार तोच मागे बसलेल्या फुफीने, माझ्या आत्याने, माझ्या मानेवर हात ठेवून ती खाली दाबली. बाहेर आवाज गेला, "हाँ कह दिया, हाँ कह दिया." लोकांनी मुबारक मुबारक म्हटलं. मी काय कबूल केलं ते मला संध्याकाळी सासरी पोचल्यावर समजलं. आफरीनचे अब्बा माणूस चांगला निघाला, ही अल्लाहची मेहरबानी. त्यात फुफीच्या हाताचं काही श्रेय नाही.

तर त्या सकाळी दुआ निघेना, तेव्हा मी ही वही काढली. घरात मी एकटीच मराठी लिहिते. हे गाव हिंदी मुलखातलं, बाकीच्यांचं सगळं हिंदी नाहीतर उर्दू. मी रावेरकडच्या खेड्यातल्या मराठी शाळेत शिकले, लिहायचं म्हटलं की हात याच अक्षरांकडे वळतो. एक पान फाडून मी लिहिलं: 'आफरीनचे नर्सिंगचे शिक्षण पूर्ण करू द्यावे. नंतर तिला नोकरी करायची असेल तर अडवू नये.' निकाहनाम्यात शेवटी अटींसाठी जागा असते, हे मला आफरीननेच सांगितलं होतं. आजवर मी जितके निकाहनामे पाहिले, त्यांत ती जागा कोरी होती. कागदाची घडी करून मी मुठीत धरली आणि मग दुआ निघाली. अशी निघाली: या अल्लाह, माझं तोंड उघडायला लावू नकोस. तू सगळं करू शकतोस, तूच कर.

जुहरनंतर, दुपारच्या नमाजनंतर, निकाह होता. काझीसाहेब आले आणि घड्याळ बघू लागले, त्यांना अजून एका ठिकाणी जायचं होतं. एक गवाह आमचे जेठ, मोठ्या जावेचे नवरे. दुसरा गवाह आफरीनच्या अब्बांचा दोस्त, तो धूलकोटहून येणार होता आणि त्याची गाडी रस्त्यात बंद पडली. तेव्हा जेठांनी समोरच्या मशिदीतून नमाज पढून निघालेल्या एका म्हाताऱ्या माणसाला हाताला धरून आणलं. "चचा, दो मिनट का सवाब का काम है." त्यांना कुणी ओळखत नव्हतं. नातेवाइकाच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी जळगाव जिल्ह्यातून आले होते आणि बसला वेळ होता, इतकंच कळलं. पांढरी दाढी, हातात पेरूंची पिशवी, एका चपलेचा अंगठा सुतळीने बांधलेला.

दारात चादर धरली होती. अलीकडे आम्ही बायका, मधे आफरीन, तिच्या मागे माझी मोठी जाऊ. पलीकडून माझ्या भावाने नाव घेतलं, महर सांगितला, विचारलं, "बेटी, इजाजत आहे?"

आफरीन गप्प. खोलीत बांगड्या वाजल्या. जाऊ ओरडली, "हाँ है, हाँ है! सिर हिला दिया!"

"चलो, मुबारक," जेठ म्हणाले.

चादरीपलीकडून तो म्हातारा आवाज आला, "थांबा. मैंने कुछ सुना नहीं."

"अरे चचा, लड़की शरमा रही है. सिर हिलाया उसने."

"हिलाया होगा. मला इथून दिसत नाही. मी गवाह आहे ना? उद्या अल्लाहने विचारलं, तू काय ऐकलंस, तर काय सांगू? बांगड्या ऐकल्या?"

दोन-तीन बायका फिस्सकन हसल्या. कुणीतरी म्हणालं, "कहाँ से पकड़ लाए इनको!" आणि मग सगळे थांबले, कारण पुन्हा विचारलं जाणार होतं. मी आफरीनकडे पाहिलं. तिची मान हलत होती खरी. पण जावेचा हात तिच्या मानेवर होता, मेंदीचा, अंगठ्यांचा, आणि तो हात मान खाली दाबत होता. ज्या ठिकाणी फुफीचा हात होता, अगदी त्याच ठिकाणी.

पुढचं मी केलं असं मला आजही वाटत नाही. मी उठले आणि जावेचं मनगट धरलं. इतक्या वर्षांत मी तिच्यासमोर मोठ्याने खाकरलेसुद्धा नव्हते. मी म्हटलं, "भाभी, हाथ निकालो." ती म्हणाली, "पागल हुई क्या?" मी म्हटलं, "हाथ निकालो." तिने काढला. मग चादरीखालून मी तो घामाने ओला झालेला कागद पुढे सरकवला. बोलायचं तेवढं बोलून झालं होतं.

कागद त्या चचांनी उचलला. जेठ म्हणाले, "ये क्या लिखा है, मराठी में?" आणि चचांनी ते खणखणीत वाचलं, शाळेत गुरुजी वाचतात तसं, प्रत्येक अक्षर सुटं. मग हिंदीत समजावलं. मग चादरीकडे तोंड करून मला विचारलं, "बाई, हे तुम्ही लिहिलंत?" इतक्या वर्षांत या गावात माहेरची माणसं सोडता मला मराठीत कुणी हाक मारली नव्हती. मी 'हो' म्हटलं. ते म्हणाले, "अक्षर चांगलं आहे. मी मराठी शाळेत मास्तर होतो." आणि मग माझ्या भावाला म्हणाले, "वकीलसाहेब, मुलीकडून हे घेऊन जायचं की नुसतं डोकं घेऊन जायचं?"

जो गोंधळ व्हायचा तो झाला. जेठ म्हणाले, नाक कापलं. मुलाच्या मामाने बारात परत न्यायची भाषा केली. मुलाची आई बायकांच्या खोलीत येऊन माझ्यासमोर उभी राहिली, "ज़बान पे भरोसा नहीं हमारी?" मला म्हणायचं होतं की भरोसा ठेवला होता, काल दुपारपर्यंत. मी नुसती तिच्याकडे बघत राहिले, पण खाली बघितलं नाही. आफरीनचे अब्बा दारात आले. मला वाटलं आता रागावतील. त्यांनी कागद हातात घेतला, त्यांना मराठी नीट येत नाही, तरी बोट ठेवून एकेक अक्षर लावलं. मग बाहेर जाऊन काझींना म्हणाले, "जगह है तो लिख दीजिए." काझीसाहेब म्हणाले, जागा लिहायलाच असते, लिहून घ्यायला कुणी येत नाही. त्यांनी मुलाला विचारलं. तो पोरगा तोपर्यंत सेहऱ्याआड गप्प होता, लाजऱ्या नवरीसारखा. त्याने आपल्या मामाकडे पाहिलं, मग म्हणाला, "लिखो. मैंने तो आफरीन को पहले दिन ही बोला था, पढ़ लेना." म्हणजे तोही गप्पच बसला होता! आईला बोलायचं धाडस नाही म्हणून माझ्या लेकीचं शिक्षण जाऊ द्यायला तयार होता. त्याचा मला राग आला, आणि दयाही आली. माझ्याच जातीचा निघाला.

मग पुन्हा चादर धरली, पुन्हा विचारलं. आफरीन म्हणाली, "हाँ, इजाज़त है." इतक्या मोठ्याने की मांडवातल्यांनीही ऐकलं. मागून कुणीतरी 'तौबा' म्हटलं. चचा म्हणाले, "आता ऐकलं."

जेवायला त्यांना शोधलं तर ते नव्हते. सही करून बसला निघून गेले होते. आमच्यातल्या एक-दोघी म्हणतात, तो माणूस नव्हताच. मी तसं म्हणत नाही. तो रिटायर मास्तर होता, त्याच्या हातात पेरू होते. अल्लाहला मदत पाठवायची असली तर पंखच लावावे लागतात असं थोडंच आहे, सुतळीने बांधलेली चप्पलही चालते. मी इतकंच म्हणते की धूलकोटची गाडी त्याच दिवशी बंद पडली, आणि आलेल्या माणसाला माझी अक्षरं वाचता येत होती.

जाऊ माझ्याशी बोलत नाही. विहीण बोलते ती टोमण्यात. आफरीन रोज सकाळी बुरख्याखाली पांढरा ड्रेस घालून बुधवाऱ्यातून निघते आणि संध्याकाळी सासूच्या गुडघ्यांना तेल लावते. गल्लीत माझ्या नावाने अजून बोललं जातं. जुम्याच्या बयानात, शुक्रवारच्या प्रवचनात, मुली बिघडल्याचं ऐकू येतं. मुलींच्या मानेवर ठेवलेल्या हातांबद्दल एक शब्द नाही. हा राग माझा गेलेला नाही आणि तो जावा अशी दुआही मी आता करत नाही.

पण अल्लाहवरचा राग गेला. मी त्याला म्हटलं होतं, माझं तोंड उघडायला लावू नकोस. त्याने ती दुआ कबूल केली नाही, याचे आभार कसे मानावेत मला कळत नाही. त्याच्या हवाली होणं म्हणजे गप्प बसणं, असंच मी समजत आले होते, कारण मला ते शिकवणाऱ्या सगळ्यांना माझं गप्प बसणं सोयीचं होतं. आता पाच वेळा सजद्यात जाते तेव्हा ध्यानात येतं. कपाळ जमिनीला टेकतं, मान पूर्ण खाली जाते. ती मी स्वतः घालते. मागे कुणाचा हात नसतो.