मुऱ्हाळी हॉर्न वाजवत नसतो

नशिराबादच्या पितांबर आबांचा एक गुडघा नवा आहे आणि एक जुना. नवा फेब्रुवारीत जळगावला बसवला. तेव्हापासून आबा ओट्यावरून उतरताना आधी कोणता पाय खाली टाकतात, यावर गल्लीतल्या बायकांचं बारीक लक्ष असतं. डॉक्टर काय सांगून गेले ते आबांना आठवत नाही, गल्लीला मात्र पाठ आहे.

आबा वीज मंडळात वायरमन होते. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी लाईट गेली की माणसं आधी त्यांच्या दारात येतात. आबाही "आता माझं काय काम त्यात?" असं म्हणत म्हणत टेस्टर शोधायला आत जातात. पण ती झाली पगाराची नोकरी. आबांची दुसरी नोकरी त्याहून जुनी आहे. तिच्यात पगार नाही, रजा नाही आणि निवृत्तीचं तर नावच काढायचं नाही. आबा मुऱ्हाळी आहेत.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, खानदेशात लेकीबाळींचा सण. झाडाला झोके बांधायचे, खापरावर पुरणाचे मांडे टाकायचे, आमरसात हात कोपरापर्यंत बुडवायचे. सासरी गेलेली लेक या सणाला माहेरी येतेच. पण ती आपली आपण येत नाही. माहेरचं कोणीतरी तिला न्यायला जातं, तो मुऱ्हाळी. आता लेकी स्कूटीवर येतात, बसने येतात, फोन करून "भाजी काय केली?" विचारत येतात. एक पुष्पाबाई तेवढ्या येत नाहीत.

पुष्पाबाई म्हणजे आबांची थोरली बहीण, अक्का. सासर पिंपळनेरचं, म्हणजे पार साक्रीच्या पलीकडे. वय एकाहत्तर. नातवंडं कॉलेजात. दारात मुलाची मोटारसायकल, हातात मोबाईल, त्यावर सकाळी सहा वाजता सगळ्या नातलगांना फुलांचे फोटो पाठवण्याचा उत्साह. पण आखाजीला भाऊ दारात आल्याशिवाय उंबरा ओलांडायच्या नाहीत. लॉकडाऊनची दोन वर्षं सोडली तर पन्नासच्या वर आखाज्या आबांनी तिला नेलं आहे. नशिराबादहून जळगाव, जळगावहून धुळे, धुळ्याहून पिंपळनेर. सकाळी निघायचं, दुपार कलताना पोहोचायचं, मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी तिला घेऊन परत.

पोहोचल्यावरचा कार्यक्रमही ठरलेला. आबा अंगणात आले की अक्का तांदूळ निवडत बसलेली असायची. आठ दिवसांपासून पिशवी भरलेली, पण मान वर न करता म्हणायची, "का रे, काय काम काढलंस?" मग गूळ आणि पाणी. मग आबांनी घरच्या वडीलधाऱ्यांकडे परवानगी मागायची. आधी ती अक्काच्या सासूकडे मागायचे. सासूबाई गेल्या, तेव्हा मेव्हण्यांकडे. मेव्हणेही गेले. त्या वर्षी आबा अंगणात उभे राहिले आणि मागायचं कोणाकडे हेच त्यांना कळेना. तेव्हा अक्काची सून सपना पदर खोचत बाहेर आली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मामा, सासूबाईंना किती दिवसांसाठी नेताय? पंधराच्या वर मिळणार नाहीत. पापडाची कामं पडलीत." सपना शाळेत शिकवते, दरडावायची सवय आहे. तेव्हापासून परवानगी तिच्याकडे.

तर यंदाची गोष्ट अशी, की गुडघ्यामुळे आबांची बस बंद. डॉक्टरांनी सांगितलं, एसटीची पायरी उंच असते, सहा महिने नाव काढायचं नाही. आबांचा मुलगा जितेंद्र याने पाडव्याला नवी पांढरी गाडी घेतली होती. जळगावात त्याचं मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान, त्यामुळे गाडीला नाही नाही ते लावून घेतलेलं. त्यात तीन सुरांचा हॉर्न. तो वाजला की गल्लीतल्या शेळ्या उभ्या राहायच्या.

"आबा, तुम्ही बसा घरात," जितेंद्र म्हणाला. "मी जातो आत्याला आणायला. एसीत आणतो, चार तासांत."

"बोलशील ना नीट?" आबांनी विचारलं.

"आत्याशी काय नीट बोलायचंय? माझी आत्या आहे."

रविवारी सकाळी तो गेला आणि दिवस मावळायच्या आत परत आला. ओट्यावर आबा, आत खापर घासून ठेवलेल्या त्याच्या आई कुंदाबाई, समोर निंबाखाली पत्ते कुटणारा कौतिक आणि त्याची मंडळी, सगळ्यांच्या माना गाडीकडे वळल्या. जितेंद्रने मागचं दार उघडलं. सीटवर कैऱ्यांनी भरलेली एक पिशवी होती. तिला सीटबेल्ट लावलेला होता.

"आत्या कुठंय?" कुंदाबाईंनी विचारलं.

"नाही आली."

"आजारी आहे?"

"ठणठणीत आहे. बेल्ट तिनेच लावला. कैऱ्या सांडतील म्हणाली."

निंबाखाली कोणीतरी हसलं. हे काम कौतिकचंच, पण तो पत्त्यांकडे बघत होता.

"काय बोललास तिला?" आबा पुढे वाकले.

"काही नाही हो! गल्ली अरुंद, गाडी आत जाईना. कोपऱ्यावर थांबलो, हॉर्न दिला. दोनदा दिला. आत्या बाहेर आली, गाडीकडे पाहिलं, आत गेली. मग ही पिशवी घेऊन आली आणि म्हणाली, गाडी उनी, पन मुऱ्हाळी कोठे शे? गाडी आली म्हणे, पण न्यायला येणारा कुठंय? भंगार न्यायला येतात तसा वाजवत येतोस? जाय, बापाले सांग."

हॉर्नचं नाव ऐकलं आणि आबांनी डोळे मिटले. मग त्यांनी मुलाला शेजारी बसवलं आणि जे त्याला आजवर कधी सांगितलं नव्हतं ते सांगितलं. सांगितलं हळूच, पण ओट्यावरचं हळू बोलणं निंबापर्यंत पोहोचतंच.

लग्नानंतरची अक्काची पहिली आखाजी. वडिलांना शेतातून निघता येईना. गावातला एक ट्रक कांदे घेऊन तिकडे जाणार होता. वडिलांनी ड्रायव्हरला सांगितलं, येताना पोरीला घेऊन ये. चांगला माणूस, वडिलांच्या वयाचा. तो पिंपळनेरला पोहोचला, रस्त्यावरच थांबला आणि हॉर्न वाजवला. अक्काची सासू बाहेर आली. "मनी वहू कांदास्नं पोतं शे का?" म्हणाली आणि दार लावून घेतलं. माझी सून म्हणजे काय कांद्याचं पोतं आहे? दाराच्या आत अक्का पिशवी घेऊन उभी होती, सतरा वर्षांची. ट्रक गेला. त्या आखाजीला तिच्या बरोबरीच्या सगळ्या पोरी झोक्यावर होत्या आणि ती पिंपळनेरला भांडी घासत होती. पुढच्या वर्षी वडिलांचा सदरा अंगात घालून पितांबर निघाला. चौदा वर्षांचा होता, सदरा गुडघ्यापर्यंत. सासूसमोर उभा राहून म्हणाला, अक्काला न्यायला आलो, धाडता का? सासू हसली आणि आधी गूळ-पाणी दिलं.

जितेंद्र म्हणाला, "हे आधी सांगायचं ना, आबा."

"मला वाटलं, तू उतरशील गाडीतून."

त्या दिवशी आबा जेवले, पण ताटात काय होतं ते त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. आखाजी चार दिवसांवर आलेली. आबांना एकच भीती होती. या वयात एकदा खंड पडला, की पुढच्या वर्षी "बघू" होतं आणि त्याच्या पुढच्या वर्षी कोणी विचारतही नाही. मग माहेर सकाळच्या फुलांच्या फोटोंपुरतं उरतं. अक्काला नेणारं त्यांच्याशिवाय होतं कोण?

सोमवारी त्यांनी फोन लावला. अक्काने उचलला नाही, सपनाने उचलला.

"मामा, रागावल्यात. पण पिशवी सोडलेली नाही हं. रोज त्यातलं एक लुगडं काढून नेसतात आणि दुसरं भरून ठेवतात."

"तिला सांग, मी येतो. उद्याच्या बसने."

हे आत कुंदाबाईंनी ऐकलं. त्या पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. "बसने? आधी त्या डॉक्टरला चढवा बसमध्ये, मग तुम्ही चढा. तीन महिने तुमचा पाय शेकते मी, अक्का नाही शेकत!" आणि त्यांनी आबांच्या चपला उचलून चक्क पिठाच्या डब्यामागे ठेवल्या. ही चपलांची बातमी तासाभरात सगळ्या गल्लीला होती.

सपना मात्र फोनवर सगळं ऐकत होती. तिने ते जसंच्या तसं, डब्यासकट, सासूबाईंना सांगितलं. संध्याकाळी अक्काचा फोन आला.

"पितांबर, बसमध्ये पाय टाकलास तर याद राख."

"मग काय करू, अक्का? तू गाडीत बसत नाहीस."

"मी बुधवारी धुळ्याला येते. बाजार करायला. धुळ्यापर्यंत कोणीही बाजार करायला येतं. तिथून पुढचं तू बघ. पण स्टँडच्या आत ये, तुझ्या पायांनी. फाटकाबाहेरून हाका नको."

बुधवारी जितेंद्रने आबांना गाडीने धुळ्याला आणलं. रस्ताभर एसी चालू होता तरी त्यालाच घाम येत होता. स्टँडच्या फाटकाशी गाडी लावली. आबा काठी टेकत आत निघाले, जितेंद्र त्यांच्या मागे दोन पावलं ठेवून. ऊन असं, की डांबर चपलेला चिकटत होतं. उसाच्या रसाच्या दुकानातली घुंगरं, रिक्षावाल्यांच्या आरोळ्या, आणि साक्रीकडच्या गाड्या लागतात तिथल्या बाकावर हिरव्या लुगड्यातली अक्का. मांडीवर पिशवी. आबांना तिने फाटकातच पाहिलं होतं. काठी कुठल्या पायाला लागते तेही पाहून घेतलं. आणि मग मान वळवून नंदुरबारच्या पाटीकडे बघत बसली.

आबा समोर येऊन उभे राहिले.

"का रे," अक्का पाटीकडेच बघत म्हणाली, "धुळ्याला काय काम काढलंस?"

"तुला न्यायला आलो."

"बस आधी." तिने पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि कागदात बांधलेला गुळाचा खडा. सोबत आणलेला. आबांनी गूळ तोंडात टाकला आणि पाणी प्यायलं. शेजारच्या बाकावरची एक बाई लेकराला पाजायचं सोडून बघत राहिली.

"पण परवानगी?" अक्का म्हणाली. "मी बाजाराला आलेय. माझ्या घरी विचारलंस का?"

आबा गोंधळले. जितेंद्रने खिशातून फोन काढला आणि सपनाला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे शाळेला सुट्टी, सपना तयारच होती. तिने डोक्यावर पदर घेतला होता आणि चेहरा असा गंभीर केला होता, की जुन्या सासूबाई बघून घाबरल्या असत्या.

आबांनी फोन हातात घेतला, बोलायला तोंड उघडलं आणि फोन जितेंद्रच्या हातात परत दिला. "तू विचार."

"मी?"

"हॉर्न तू वाजवलास."

जितेंद्रने घसा साफ केला. आजूबाजूला आता सात-आठ माणसं उभी होती, त्यात एक कंडक्टरही. "वहिनी... आत्याला आखाजीला न्यायला आलोय. धाडता का?"

"किती दिवस?"

"पंधरा."

"आठ. पापड राहिलेत."

"बारा करा ना, वहिनी."

"दहा. आणि येताना मुऱ्हाळ्याने गाडीतून उतरून दारापर्यंत सोडायचं. कोपऱ्यावर टाकून जायचं नाही."

"हो, वहिनी."

"मग न्या," सपना म्हणाली आणि तिला हसू फुटलं. कंडक्टरने उगाच एक शिट्टी मारली.

अक्का उठली. पिशवी जितेंद्रच्या हातात दिली, दुसऱ्या हाताने भावाचा दंड धरला. आधार कोण कोणाला देत होतं, ते बघणाऱ्याला सांगता आलं नसतं. गाडीशी आल्यावर ती पुढच्या सीटवर बसली, बेल्ट ओढून घेतला आणि पुतण्याला म्हणाली, "आता नीट चालव. वाजवायचा नाही."

धुळे ते नशिराबाद शंभर किलोमीटर तरी असेल. जितेंद्रने हॉर्नला बोट लावलं नाही. पारोळ्याच्या अलीकडे कडब्याचा ट्रॅक्टर आडवा आला. त्याच्यामागे हा मुंगीच्या पावलाने तीन किलोमीटर चालला, मागचे ट्रकवाले याला शिव्या देत होते. एरंडोलला म्हशी आल्या. जितेंद्र काच खाली करून म्हशींना तोंडाने "हॅ हॅ" करत होता. अक्का समोर बघत बसली होती, पण पदर तोंडाशी गेला होता. मागे आबा झोपले होते. तीन रात्रींची झोप त्यांना तेव्हा लागली.

नशिराबादला गाडी गल्लीच्या तोंडाशी आली. निंबाला झोका लागला होता, त्यावर शेजारच्या दोन पोरी. झाडाखाली कौतिक पत्ते उडू नयेत म्हणून त्यांवर चप्पल ठेवून बसला होता. कुंदाबाई अंगणात उपड्या खापरावर मांडा पसरत होत्या, दोन्ही हात गुंतलेले. कोणाचंच लक्ष नव्हतं.

जितेंद्रने गाडी थांबवली आणि आत्याकडे पाहिलं.

"बघतोस काय?" अक्का म्हणाली. "माझ्या माहेरच्या गल्लीत आलेय मी. आता वाजव."

तिन्ही सूर वाजले. शेळ्या उभ्या राहिल्या, मागे आबा दचकून जागे झाले, झोक्यावरच्या पोरी किंचाळल्या.

"अरे, भंगारवाला आला वाटतं!" कौतिक ओरडला.

काच खाली गेली. "भंगार नाही रे कौतिक, मी आलेय! पत्ते लपवू नकोस, आमच्या ओट्यावर घेऊन ये. चल, मला पण वाट!"

कौतिक चप्पल उचलायला वाकला, आणि त्याचे सगळे पत्ते वाऱ्याने गल्लीभर केले.