अपडेटवाल्याने आणलेलं तेल

अपडेटवाला कुणाच्याही घरी गेला की चपला काढता काढता विचारायचा, "कॉम्प्युटर अपडेट केलाय ना?" चहापाण्याचं नंतर. मूळचा पुण्याचा, नोकरी नोएडाच्या कंपनीत, राहायला गाझियाबादला आमच्याच सोसायटीत. आमच्या मराठी मंडळाची वेबसाइट त्यानेच हौसेने बनवली, आणि हे नावही आम्हीच त्याला ठेवलं. बिचारा त्या नावाला ओ द्यायचा.

"जुना ब्राउझर म्हणजे कडी न लावलेलं दार, काकू. बिल्कुल सेफ नाही," हे त्याचं पालुपद. म्हणून त्याने वेबसाइटलाच शिस्त लावली होती. ब्राउझर जुना असला की लाल अक्षरांत 'आधी अपडेट करा' असं यायचं आणि पुढे काही उघडायचंच नाही.

त्या वर्षी संक्रांतीच्या पानिपतच्या बसची नावनोंदणी पहिल्यांदाच वेबसाइटवर होती. लग्न होऊन इकडे आल्यापासून मी काला अंबचं युद्धस्मारक कधी चुकवलं नव्हतं. हे गेल्यावरही स्मारकावर त्यांच्या वाटचं फूल मीच वाहत होते. पण घरातला कॉम्प्युटर ह्यांच्या वेळचा. त्याच्यावर नवा ब्राउझर काही केल्या चढेना. एक फोन केला असता तर काम झालं असतं. पण जन्मभर शाळेत गणित शिकवलेली बाई मी, एवढं जमत नाही हे कुठल्या तोंडाने सांगू? "गुडघे दुखतात, यंदा नाही जमायचं," म्हणून मोकळी झाले. बस माझ्याशिवाय गेली.

दुसऱ्या दिवशी हा दारात. हातात तिळगूळ आणि तेलाची बाटली. "पानिपतला सगळे तुम्हालाच विचारत होते, काकू. हे गुडघ्यांना चोळा." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चहा टाकायला आत गेले, तर हा सवयीने कॉम्प्युटरपाशी. मी बाहेर आले तेव्हा पडद्यावर त्याचीच लाल अक्षरं होती, आणि त्याचे कान त्याहून लाल.

"काकू, गुडघे...?"

"ठणठणीत आहेत," मी म्हटलं. त्याच्याकडे बघवेना.

त्याने ते पान बंद केलं. मग म्हणाला, "सांगणं वेगळं आणि हाकलणं वेगळं. मी तुम्हाला हाकललं, यार." काकूला यार म्हटल्याचंही त्याला भान नव्हतं. दोघांचा चहा निवून गेला.

त्यानंतर लाल अक्षरं गेली. आता वर साधी ओळ असते, 'तुमचा ब्राउझर जुना आहे, बदललात तर सुरक्षित राहाल. तोवर खाली नाव लिहा.' पुढे त्याची बेंगळुरूला बदली झाली. निघताना पाया पडला. "कॉम्प्युटर बदला हां, काकू. पण बस चुकवू नका."

कॉम्प्युटर अजून तोच आहे. काल त्याच्यावरूनच पानिपतसाठी नाव नोंदवलं. यंदा गुडघे मात्र खरोखरच धरलेत. पण गुडघे म्हटलं की त्याचे ते लाल कान आठवतात आणि कुणाला सांगायची लाज वाटते. त्याने आणलेली बाटली आता उघडली आहे. रोज सकाळी दार लोटून घेते आणि गुपचूप तेल चोळते.