बावीस पाण्याची

ज्या माणसानं उभ्या जन्मात दारूचा थेंब चाखला नाही त्यानं दारू गाळायची तांब्याची भट्टी बनवावी, हे माझ्या बायकोला अजून पटलेलं नाही. पटायला पाहिजे असंही नाही. मी चौतीस वर्षं मध्य प्रदेशातल्या बालाघाटात पोरांना रसायनशास्त्र शिकवलं. वाफ वर जाते, थंड झाली की पाणी होऊन खाली येते, हे फळ्यावर शेकडो वेळा काढून दाखवलं. निवृत्त झाल्यावर हात शिवशिवत होते, एवढंच.

निमित्त झालं काकीचं. लांजीजवळ आमचं थोडं धानाचं शेत आहे, त्याच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून काकीचं घर. जातीनं गोंड, वयानं माझ्या आईएवढी नाही पण थोरल्या बहिणीहून मोठी. मला ती पहिल्या दिवसापासून ‘गुरुजी’ म्हणते आणि गुरुजीला जेवढं रागवता येतं तेवढं रागवते. यंदा तिच्या नातीची सगाई ठरली. त्यांच्यात सगाईला मुलीच्या घरची मोहाची दारू लागते, आणि ती घरच्याच चुलीवर गाळलेली लागते. पूजेपुरती गाळायची त्यांच्या समाजाला मुभा आहे, आपल्याला नाही. दुसऱ्याच्या घरून आणली तर पुरखे, म्हणजे वाडवडील, तोंड फिरवतात, असं काकीचं म्हणणं. मुलगा-सून उकव्याच्या खाणीवर, त्यांना गाळता येत नाही. नवरीनं स्वतःच्या सगाईच्या दारूला हात लावायचा नाही. राहिली काकी. आणि काकीच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, डॉक्टरनं सांगितलेलं की महिनाभर धुरापुढे बसायचं नाही.

“महिनाभर कोठचं? सगाई पंधरा दिवसावर येऊन राह्यली,” काकी काळ्या चष्म्याआडून म्हणाली. “चुलीपुढे बसते मी. गेला डोळा तं गेला.”

ती बसली असती. मला तिची जिद्द माहीत आहे, म्हणून मी घाबरलो. घाबरलो की मी भाषण देतो. मी म्हटलं, “काकी, तुले बसाची गरजच नाही. मी तुले अशी भट्टी बनवून देतो की तू खाटेवरून नुसती पाहशील.”

घरी येऊन हे सांगितलं तेव्हा बायको तांदूळ निवडत होती. तिनं मान वर न करता विचारलं, “मग तुम्हीच बसा ना तिच्या मडक्यापुढे. काकी सांगन, तुम्ही करा. तांबं कायले पाहिजे?”

हा प्रश्न मी सोयीस्करपणे ऐकलाच नाही.

मडक्यांची रीत तशी सोपी. खालच्या मडक्यात आंबवलेला मोह, मधल्यात दारूची धार गोळा होते, वरच्यात थंड पाणी. वरचं पाणी तापलं की बदलायचं. मला मात्र तांबंच हवं होतं. आमच्या घरात पाणी भरायचा तांब्याचा एक मोठा गुंड होता, बायकोच्या माहेरून लग्नात आलेला. त्यावर पालथी घालायला एक जुनी तपेली सापडली.

“माह्या माहेरचा गुंड तुम्ही दारूले देऊन राह्यले?” बायकोनं विचारलं. मग म्हणाली, “काकीसाठी म्हणून देते. तुमच्या डोक्यासाठी नाही.”

फ्रीज दुरुस्तीवाल्याकडून तांब्याची नळी आणली. नळी वाकवायला गेलो की चेपते. मग वैनगंगेची बारीक वाळू चाळून, वाळवून तिच्यात ठासून भरली, दोन्ही तोंडं बंद केली आणि व्हरांड्यातल्या खांबाला गुंडाळत गेलो. सहा वेढे झाले. वेढे पाहून मला जो आनंद झाला तो मुलाच्या लग्नातही झाला नव्हता. हे मी बायकोसमोर बोललो, ते चुकलं. भांडेवाल्याकडून बिनशिशाचा डाख लावून घेतला, आत कल्हई करून घेतली, आणि सगळं मोटरसायकलवर बांधून लांजीला निघालो. वाटेत दोघांनी विचारलं की कोणत्या मंदिरात बसवणार.

काकीनं भट्टीभोवती एक फेरी मारली. “चांगली हाय,” ती म्हणाली. “पण हे दारू गाळन काय?”

मोह भिजवायचं कामही मीच अंगावर घेतलं. वाळलेली फुलं कोठीतून काढली तर त्यांत माती, काड्या, एक मेलेला मुंगळा. आम्ही भाताची माणसं. कोणतंही धान्य हातात आलं की चार पाण्यांनी धुतल्याशिवाय आमचा जीव थाऱ्यावर राहत नाही. मी फुलंही चार पाण्यांनी धुतली, अगदी खळखळून, शेवटचं पाणी नितळ येईपर्यंत. मग भिजत घातली. तिसऱ्या दिवशी बुडबुडा नाही, चौथ्या दिवशी वास नाही. पाचव्या दिवशी काकीनं बोट बुडवून चाटलं.

“धुतलं काय रे याले?”

“हौ. साफ केलं.”

काकी इतकी हसली की चष्मा काढून डोळे पुसायला लागली, आणि डॉक्टरनं डोळे चोळायचे नाहीत सांगितलंय म्हणून मीच तिच्यावर ओरडलो. फुलाची गोडी धुऊन टाकली होती मी, आणि ज्याच्यानं ते आंबतं तेही. रसायनशास्त्राच्या मास्तरानं! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. पण हसू ओसरल्यावर तिनं कोठीत वाकून पाहिलं. फुलं आता एकाच घाण्यापुरती उरली होती. ती बिघडली असती तर सगाईला काकीच्या घरची धार नव्हती.

दुसरा घाणा तिनं भिजवला. मी फक्त झाकण ठेवलं. चौथ्या दिवशी परड्यात पाय ठेवला तेव्हाच वास आला, आणि मला खरंच उडी मारावीशी वाटली.

सगाईच्या आदल्या सकाळी चूल पेटवली. काकीची खाट निंबाखाली, वाऱ्याच्या उलट अंगाला. गुंड आणि तपेलीची फट बंद करायला मी बाजारातून चिकट लुगदी आणली होती. ती तिनं फेकून दिली आणि तांदळाचं पीठ मळून लावायला सांगितलं. नळीचे वेढे पाण्याच्या ड्रममध्ये बुडवले. पहिली अर्धी वाटी मी चुलीत फेकली, कारण पहिली धार पिऊ नये असं शास्त्र सांगतं. काकी म्हणाली, “बरोबर. पहिला घास चुलीचा.” आमचं दोघांचं शास्त्र तेवढ्यापुरतं जुळलं.

एक गोष्ट मात्र मी फळ्यावर कधी काढली नव्हती. ड्रमचं पाणी तापतं. आणि हापशी चाळीस पावलांवर आहे. तापलेलं काढायचं, गार ओतायचं, पुन्हा हापशी. दुपारपर्यंत माझ्या कमरेनं माझ्याशी बोलणं सोडलं. काकी खाटेवरून ओच्यातले चिंचोके एकेक करून वाटीत टाकत होती. मला वाटलं, म्हातारीला चाळा.

दुसऱ्या दिवशी मुलाकडचे आले. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं पळसाच्या पानांच्या दोन्यात दारू घेतली, नाकाशी नेली आणि विचारलं, “किती पाण्याची?”

त्यांच्यात दारूची पारख अशी होते. वरच्या मडक्याचं पाणी किती वेळा बदललं, त्यावर ती कडक की पातळ ते ठरतं. तीन-चार पाण्याची कडक, सहा-सातनंतर नुसतं धुवण. आकडा सांगितल्याशिवाय दोना पुढे जात नाही. माझ्या भट्टीला वरचं मडकंच नव्हतं. मी घसा साफ करून वाफेचं शास्त्र सांगायला लागलो, तशी नातीच्या तोंडावरची रया गेली.

“बावीस,” काकी म्हणाली.

सगळा मांडव हसला. बावीस पाण्याची! म्हाताऱ्यानंही हसत हसत दोना तोंडाला लावला, आणि त्याला असा ठसका लागला की दोघांनी पाठ चोळली. सावरल्यावर त्यानं पुन्हा दोना भरून घेतला, पण आता हसत नव्हता.

“घरचंच कोणी बसलं होतं काय?”

मी मान खाली घातली. हाच तर खोडा होता. चूल त्यांची, पण हात परक्याचा.

“हौ,” काकी म्हणाली. “माहा पुतण्या. बावीस बालट्या वाह्यल्या त्यानं. मी मोजल्या.”

म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. माझा इस्त्रीचा शर्ट, चष्मा, खिशातला पेन. मग दोना माझ्या हातात दिला. “मग पुरख्याईले थेंब यानंच पाडावा.”

मला रडू येत होतं, हे लपवून काही उपयोग नाही. मी वाकलो, थेंब मातीत पडले, आणि काकी माझ्या शेजारी उभी राहून आपल्या पुरख्यांना गोंडीत काहीतरी सांगू लागली. मला गोंडी येत नाही. पण मधोमध तिनं माझं नाव घेतलं. इतक्या वर्षांत गुरुजीखेरीज तिनं मला दुसरी हाक मारली नव्हती, आणि माझं नाव तिला ठाऊक आहे हे मला तोवर माहीत नव्हतं.