सुलामावशी कॅमेरा शिकली त्याची गोष्ट

काल संध्याकाळी माझी सुलामावशी गेली. सकाळपासून ग्रुपवर सगळे लिहितायत, "शांत, सोशिक स्वभाव."

खोटं आहे.

मावशीने सूड घेतला होता. त्यासाठी ती पन्नाशीत डिजिटल कॅमेरा शिकली.
शिकवला मी. आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही.

निरगुडसरला मावशीचं शेत. काका लवकर गेले, मूलबाळ नाही. शेजारचं शेत काकांच्या चुलतभावाचं, दत्तू भाऊजींचं.

बाई एकटी आहे म्हटल्यावर भाऊजी दर उन्हाळ्यात नांगरताना बांध कोरायचे. या वर्षी वीतभर, पुढच्या वर्षी आणखी वीतभर.

त्या बांधावर काकांनी लावलेला आंबा होता. कोरून कोरून मुळं उघडी पडली आणि एका वळवात झाड आडवं झालं.

मावशी गावातल्या जाणत्यांपुढे गेली. भाऊजीही आले.
"वाऱ्यानं पडलं वहिनी. आता वारा बी मीच सोडला का?"

सगळे हसले. अगदी जाणतेसुद्धा.

ही दोन हजार पाच-सहाची गोष्ट असेल. मी पुण्यात नोकरीला लागले होते आणि नवा कॅमेरा मिरवायला मावशीकडे आले होते. ती चुलीपुढे बसली होती. वर न बघता म्हणाली,
"ह्याच्यात तारीख पडती का गं?"
"पडते की. फोटोच्या कोपऱ्यात."
"मग मला शिकव. आन् ह्यो हितंच ठिव."

ठेवला.

शिकवणं सोपं नव्हतं. पहिल्या दिवशीचे सगळे फोटो तिच्या अंगठ्याचे. दुसऱ्या दिवशी म्हैस, पण नुसती शेपटी.

"मावशे, बटण आधी अर्धं दाब. हिरवा चौकोन आला की मग पूर्ण."
"अर्दं कशाला? दाबायचं तर दाबायचं!"

ऊन पाठीशी घ्यायचं, श्वास रोखायचा, कोपरं अंगाला चिकटवायची. बांधाच्या एका टोकाला उभी राहून ती कोंबड्यांवर सराव करायची. पाणी भरायला निघालेल्या बाया विचारायच्या, "काय सुलाबाई, शूटिंग का?" ती पुढची कोंबडी टिपायची.

मी डिलीटचं बटण दाखवायला गेले तर हात झटकला.
"पुसायचं बटण मला दावू नको. मला कायबी पुसायचं न्हाई."

उन्हाळ्यात नांगरणी झाली. मावशीने लपूनछपून सगळं टिपलं आणि कार्ड घेऊन एसटीने मंचरला स्टुडिओत गेली.

फोटो सुरेख आले होते. पण सगळ्यांवर तारीख चुकीची. चुकीचीच नाही, भलत्याच सालाची.

मधे सेल बदलले होते आणि तारीख पुन्हा लावायची असते हे तिला सांगायचं मी विसरले होते.

मी फोनवर सॉरी म्हणाले. ती म्हणाली,
"आता तारीख लावाय शिकव. पुढल्या साली बी नांगर घालनारच हाय त्यो."

ती वर्षभर थांबली. सेल बदलले की आधी तारीख. देवपूजेसारखं.

पुढच्या उन्हाळ्यात ती लपली नाही. सरळ बांधावर जाऊन उभी राहिली. भाऊजी ट्रॅक्टरवर होते, नांगर अर्धा हिच्या बांधात. तिला बघून त्यांना गंमतच वाटली.

"वहिनी, आमचा बी एक काढा की!"

आणि त्यांनी पोझ दिली. टोपी सरळ केली, स्टिअरिंगवर हात, तोंडभर हसू.

मावशीने बटण आधी अर्धं दाबलं. हिरवा चौकोन आला. मग पूर्ण.

तो फोटो मोठा करून, कोपऱ्यातल्या बरोबर तारखेसकट, तिने फ्रेम करून घेतला. त्याच सुमारास भाऊजींच्या मुलाचा साखरपुडा ठरला. भावकी म्हणून हिलाही आमंत्रण होतं. ठेवणीतलं लुगडं नेसून गेली. मी बरोबर होते.

भर मांडवात तिने आहेराचा कागद स्वतःच फाडला आणि फ्रेम नवरीच्या वडिलांच्या हातात दिली.

"ह्यो माजा बांध. तुमची लेक ह्यांच्यात नांदाय येनार, म्हनलं मानसं बघून घ्या."

व्याही ओतूरकडचे. स्वतः शेतकरी. फोटोकडे बघत राहिले.
"हे खरं का पावणं?"
"गमतीत काढलाय ओ," भाऊजी म्हणाले.
"नांगर बी गमतीत घातला का?"

या वेळी हसलं कुणीच नाही.

सोयरीक मोडली नाही. व्याह्यांनी एवढंच सांगितलं, आधी शेताची सरकारी मोजणी करा, मग टिळा लावू. मोजणी झाली. हद्दीचे दगड रोवले गेले. भाऊजींना कोरलेली सगळी माती स्वतःच्या ट्रॅक्टरने परत आणून टाकावी लागली.

मावशी कॅमेरा घेऊन समोर उभी होती.
"भाऊजी, जरा हसा की."

त्यानंतर भावकीने तिला वाळीत टाकल्यासारखंच केलं. हळदीकुंकू बंद, वाटीभर साखरेची देवघेव बंद. ती म्हणायची, "साखर दुकानात बी मिळती."

आंब्याचं मात्र तिला शेवटपर्यंत लागून राहिलं. मोजणीत झाड परत येत नाही.

गेल्या महिन्यात मावशी दवाखान्यात होती, तेव्हा भाऊजी भेटायला आले. काठी टेकत, नातवाचा हात धरून. कॉटशेजारी उभे राहिले.
"वहिनी, सोडून द्या आता मागलं."

मावशीने नाकावरचा मास्क बाजूला केला.
"न्हाई सोडत. चा घिऊन जावा."

त्यांनी चहा घेतला. खाली मान घालून. गेले.

मी मास्क परत लावायला गेले तर तिने थांबवलं.
"लई थकलाय गं त्यो."

मला वाटलं, विरघळली.

जरा वेळाने म्हणाली,
"बरं झालं."

मावशे, नीट जा गं. तिकडे काका भेटतील, त्यांना सगळं सांग.
तुझी, रागासकट तुझी,
भाची.