कॅबिनेटमधल्या अक्षता

दुपारी मुलीने घरातला जुना कॉम्प्युटर उघडला. रॅम वाढवून नवी डिस्क बसवायची होती. झाकण निघालं आणि तळाच्या मऊ, करड्या धुळीत तांदळाचे दाणे दिसले. त्यांच्यावर कुंकवाचा रंग पुसटसा उरला होता. शेजारी झेंडूची एक वाळलेली पाकळी.

"आई, हे बाबांचं काम," ती हळूच म्हणाली.

आमचे हे दर दसऱ्याला कॉम्प्युटरची पूजा करायचे आणि अक्षता नेमक्या वरच्या जाळीवर वाहायचे. त्या आत पडतात, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. हे गेल्यावरही कॉम्प्युटर सुरू होताना घरघरायचा. मला वाटायचं, म्हातारा झालाय. पोटात इतके दसरे घेऊन तो बसला होता, हे कुठे माहीत होतं? माणसाच्या आतही असंच काहीबाही पडून राहत असेल, कुणीतरी मायेने वाहिलेलं.

संध्याकाळी कॉम्प्युटर आवाज न करता चटकन सुरू झाला.

"जुनं सगळं नव्या डिस्कवर आलंय," मुलगी म्हणाली आणि झाकण लावायला वळली. मी आत डोकावले. धूळ तिने ब्रशने साफ काढली होती. दाणे मात्र जिथल्या तिथे होते.